इंजिनवर जायचं, ठेसनात बसायचं, की हुबळीचा कारखाना?



आमच्या निपाणीला रेल्वे नाही. तंबाखू आहे, विडी आहे, पुणे-बेंगळूर हमरस्ता आहे, पण रूळ नाहीत. गाडी पकडायची तर कोल्हापूर गाठा, नाहीतर चिकोडी रोड. (रेल्वेच्या भाषेत स्टेशनच्या नावाला ‘रोड’ जोडला की समजायचं, गाव अजून लांब आहे. गोकाक रोडचंही तेच.) तरीपण माझ्या लहानपणी आमच्या एका गल्लीत चार घरं रेल्वेवाल्यांची होती, आणि आमच्या स्वतःच्या गोतावळ्यात तर रेल्वेची तीन-तीन खाती नांदत होती. मामा इंजिनवर, आतोबा स्टेशनात, चुलतभाऊ कारखान्यात. मी बँकेत गेलो, पण या तिघांचे हिशेब जवळून पाहिले. म्हणून हे लिहितोय. आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी ‘रेल्वेत जायचं’ एवढंच ठरवलेलं नव्हतं, ‘रेल्वेत कुठं जायचं’ हेही ठरवलं होतं. त्या दुसऱ्या ठरवण्यावर पुढची चाळीस वर्षं अवलंबून असायची.

आधी थोडा इतिहास. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर या मुलखात रेल्वे न्यायचं घाटलं आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. तिची मुख्य कचेरी धारवाडला होती. त्याच इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागलं. लोंढा, बेळगाव, घटप्रभा, कुडची, मिरज अशी मीटर गेजची लाईन पडली आणि १८९० च्या सुमारास पुण्यापर्यंत सलग झाली. कोल्हापूर संस्थानाची मिरजेपर्यंतची गाडी १८९१ ची. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेला जोडली गेली आणि झाली मद्रास अँड सदर्न मराठा. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं शेवटपर्यंत ‘यम्म यस्सेम’ म्हणायची. म्हणजे गंमत बघा, पुण्यापासून मिरजेपर्यंतचा मराठी मुलूख, पण हुकूम यायचे मद्रासहून. १९५१ ला दक्षिण रेल्वे झाली, मुख्यालय मद्रासच. २ ऑक्टोबर १९६६ ला हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत गेला, मुख्यालय सिकंदराबाद. हुबळीला स्वतःचं मुख्यालय मिळालं ते थेट २००३ मध्ये, नैऋत्य रेल्वे झाली तेव्हा.

या सगळ्यात राज्याची भाषा कुठंच आड येत नव्हती, आणि आमच्यासाठी तीच मोठी गोष्ट होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेलं. राज्य सरकारची नोकरी म्हणजे कन्नड आलं. महाराष्ट्रातली नोकरी म्हणजे रहिवासाचा दाखला कुठला, हा प्रश्न. त्यात १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला; त्यानं बेळगाव म्हैसूरकडंच ठेवलं, पण निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं म्हटलं. निपाणीत घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आज ना उद्या जाणारच आहोत तिकडं.’ त्या ‘उद्या’च्या भरवशावर एका अख्ख्या पिढीनं कानडी लिपी मन लावून शिकली नाही. मग दारं उरली कोणती? रेल्वे, पोस्ट, मिलिटरी, एलआयसी, आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका. केंद्राची परीक्षा इंग्रजीत. तिथं मराठी आणि कानडी पोरगा सारखाच अडाणी!

आता ‘रेल्वेत कुठं’ हे ठरायचं कसं? लोकांना वाटतं आवडीनं. आवडीला विचारतो कोण. पहिली निवड करायचे ते रेल्वेचे डॉक्टर. इंजिनवर जाणाऱ्याला डोळ्यांची ए-वन श्रेणी लागायची, म्हणजे चष्म्याशिवाय नजर साफ. स्टेशन मास्तर आणि गार्डला ए-टू, त्यालाही चष्मा चालत नसे. शिवाय रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरायचे आणि ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायला लावायचे, कारण लाल-हिरव्यातला फरक कळला नाही तर सिग्नल काय ओळखणार? त्याखाली बी, आणि सगळ्यात शेवटी सी, कचेरीतल्या कारकुनांसाठी. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला आपल्याला रंग नीट ओळखत नाहीत हे वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या पुस्तकानं सांगितलं. लेखी परीक्षेत पास झालेला होता बिचारा. पुढं त्यानं पोस्टात नोकरी केली आणि सुखानं केली, पण त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नव्हती. नोकरीत असताना नजर उतरली तर ‘डी-कॅटेगराइज’. काल मेल गाडी नेणारा ड्रायव्हर उद्या कचेरीत फायली उचलतोय, हे मिरजेत पुष्कळांनी पाहिलंय.

मामांचं इंजिन

माझे थोरले मामा १९४८ ला मिरजेच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. शिक्षण चौथी. इंजिन पुसायचं, राख काढायची. मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, मालगाडीचा ड्रायव्हर, पॅसेंजरचा, आणि शेवटी मेलचा. ही शिडी होती. एकेक पायरीला सहा-सात वर्षं. चौथी शिकलेला माणूस शेवटच्या पायरीवर बी.ए. झालेल्या हेडक्लार्कपेक्षा जास्त पगार उचलायचा, आणि याचा मामांना जो अभिमान होता तो सांगून कळणार नाही. पगाराच्या वर मैलावर भत्ता. गाडी जितकी धावेल तितका पैसा. त्यातला काही भाग निवृत्तीच्या हिशेबात पगार म्हणून धरतात. आजच्या नियमानं मूळ पगाराच्या ५५ टक्के. म्हणून रनिंगवाल्याची पेन्शन बघून इतरांचे डोळे विस्फारतात.

खर्चाची बाजूही आहे. वाफेच्या इंजिनावर पुढून धग, मागून वारा. फायरमन असताना फावड्यानं कोळसा टाकून मामांचा उजवा खांदा कायमचा उतरला. रात्री-अपरात्री ‘कॉल बॉय’ यायचा, दारावर थाप, हातात वही, ‘सही करा, दोन तासांनी गाडी.’ किती तासांची ड्यूटी याला धरबंध नव्हता. चौदा-चौदा तास व्हायचे. दहा तासांची मर्यादा सरकारनं कबूल केली ती १९७३ च्या ऑगस्टमध्ये, तीही लोकोवाल्यांनी काम थांबवल्यावर. मामी म्हणायच्या, ‘ह्यास्नी पोरं कितवीत हाईत ते पाटीवर लिहून द्याय लागतंय.’ मला मामा एकदाच स्पष्ट म्हणाले, ‘भाच्या, इंजिनात पैसा हाय, पर झोप न्हाई. तुला झोप पायजे का पैसा, ते बघ.’

आतोबांचं स्टेशन

आत्याचे यजमान १९५३ साली असिस्टंट स्टेशन मास्तर झाले, मॅट्रिकवर. पांढरा कोट, टोपी, आणि ‘मास्तर’ म्हणून गावात मान. छोट्या स्टेशनात गावचा पाटील आणि स्टेशन मास्तर, दोघंच साहेब. पण त्या मानाखाली काय होतं, ते मी त्यांच्याकडे सुट्टीत राहून पाहिलंय. एकेरी मार्ग. पुढच्या स्टेशनशी घंटेनं बोलणं करून ‘लाईन क्लिअर’ घ्यायचा, यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, तो वेताच्या कडीच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तो गोळा म्हणजे टोकन. टोकन नाही तर गाडी हलणार नाही. एका वेळी त्या दोन स्टेशनांमध्ये एकच गाडी असणार, ही हमी त्या गोळ्यात. रजिस्टरमध्ये मिनिट चुकलं तरी खुलासा. छोट्या स्टेशनांना ‘इसेन्शियली इंटरमिटंट’ ठरवलं होतं, म्हणजे काम अधूनमधून आहे असं कागदोपत्री म्हणायचं आणि बारा तास बसवायचं. अपघात झाला तर गँगमनमागे गँग असते, ड्रायव्हरबरोबर फायरमन असतो. ‘मी मात्र एकटाच सापडतो,’ हे आतोबांचं नेहमीचं वाक्य.

त्यांच्या नोकरीत सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे बदली, आणि बदलीमागची शाळा. गुंजी, खानापूर मिळालं तर पोरांना मराठी शाळा. पाच्छापूर, घटप्रभेकडं गेलं की कानडी. माझ्या थोरल्या आतेबहिणीची चौथीपर्यंत तीन शाळा आणि दोन भाषा झाल्या. शेवटी आत्या मुलांना घेऊन बेळगावात भाड्यानं राहिली, आणि आतोबा स्टेशनातल्या क्वार्टरमध्ये स्टोव्हवर पिठलं-भात करून राहिले, अकरा वर्षं. कॅसलरॉकला असताना तर पावसात चार-चार दिवस कपडे वाळायचे नाहीत. तिथून कुळ्यापर्यंतचा घाट सदतिसास एक चढाचा, म्हणून गाडीला मागूनही इंजिन लावतात. त्या ढकलणाऱ्या इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात. मी बँकेत लागल्यावर आतोबा ओळख करून देताना म्हणायचे, ‘हा आमचा बँकर, पण ढकलत कुणाला नाही.’

दादाचा कारखाना

चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, १९६५ ला हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून गेला आणि फिटर झाला. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं कमी आहे, आणि तीच त्या नोकरीची खासियत. सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा, रविवार सुट्टी. बदली नाही. गदग रोडच्या बाजूला घर. पोरांची शाळा एकच. पगार मामांपेक्षा कमी, मान आतोबांपेक्षा कमी. पण गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या बारशाला दादा हजर. फिटरच्या श्रेणी चढत मिस्त्री झाला आणि तिथंच निवृत्त झाला. हुबळीत राहून तो कानडी इतकं अस्खलित बोलायला लागला की निपाणीला आल्यावर आमचे काका त्याला चिडवायचे. दादाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याचे नातू आता धारवाडी कानडीत भांडतात आणि मराठीत रडतात, असं तोच सांगतो.

साल चौऱ्याहत्तर

८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष. त्यांना संपाच्या आधीच, २ मे रोजी अटक झाली. सुमारे १७ लाख कामगार, वीस दिवस. २७ मे ला संप मागं घेतला गेला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतले पुष्कळजण १९७७ ला जनता सरकार आल्यावर परत घेतले गेले.

आमच्या घरात हा संप फार विचित्र पद्धतीनं उभा राहिला. मामा संपावर. लोकोवाले सगळ्यात पुढं होते. आतोबा कामावर. त्यांच्या पोटी तीन मुली, एक मुलगा, थोरलीचं लग्न ठरलेलं, आणि छोट्या स्टेशनात एकटा माणूस. पोलीस दारात उभे. दादा पहिले आठ दिवस संपावर, नंतर कामावर. तिघांपैकी कुणालाही मी चूक म्हणणार नाही. पण बघा, जो ज्या खात्यात होता तसा तो वागला. इंजिनवाल्याजवळ जोडीदार होते, शेडमध्ये शंभर माणसं एका आवाजात बोलत होती. स्टेशनवाल्याजवळ फक्त रजिस्टर होतं.

नंतरचं जास्त कडू. संपात कामावर राहिलेल्यांना ‘लॉयल’ म्हणून बक्षिसं मिळाली, कुणाला वाढीव इन्क्रिमेंट, कुणाच्या मुलाला नोकरी. आतोबांचा मुलगा त्यातच रेल्वेला लागला. मामांच्या घरी त्या वीस दिवसांचा पगार नव्हता, मामींच्या पाटल्या सोनाराकडं होत्या, आणि त्यांचा मुलगा, वयानं तेवढाच, मार्कांनी थोडा सरस, घरी बसलेला. थोरल्या आतेबहिणीच्या लग्नात मामा आले, अक्षता टाकल्या, आणि न जेवता गेले. रेल्वे कॉलनीत ‘लॉयल’ ही पुढं कित्येक वर्षं शिवी होती. मामा आणि आतोबा परत एका पंगतीला बसले ते १९८३ ला, माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला. काही बोलणं झालं नाही. आतोबांनी मामांच्या पानात लिंबाची फोड सरकवली आणि मामांनी ती घेतली, बस्स.

माझं काय झालं

मी १९७२ ला बी.कॉम. झालो, अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातून. घर म्हैसूर राज्यात, कॉलेज महाराष्ट्रात, मध्ये चालत जायचं अंतर. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. त्या दिवाळीत तिन्ही रेल्वेवाले आमच्या सोप्यावर जमले आणि माझी चौकशी सुरू झाली. मामांनी माझा चष्मा काढून बघितला आणि परत नाकावर ठेवला. ‘इंजिन गेलं, ठेसन गेलं. तुला आता कचेरी.’ एका वाक्यात रेल्वेची दोन खाती बंद! राहिली कारकुनी. तिसऱ्या वेतन आयोगानं १९७३ ला कारकुनाची श्रेणी २६०-४०० केली. बँकेत त्याहून बरं मिळत होतं. रेल्वे आणि बँक, दोन्हींचे अर्ज भरले, बँकेचं पत्र आधी आलं, गेलो. ऑफिसर होऊन २०११ ला निवृत्त झालो. (कॉलेजात असताना जमालपूरच्या स्पेशल क्लास अप्रेंटिसबद्दल, म्हणजे इंटर सायन्स करून थेट रेल्वेचा मेकॅनिकल इंजिनिअर अधिकारी व्हायच्या वाटेबद्दल, आमच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं. ती परीक्षा १९२७ पासून होत होती. निपाणीला रेल्वे नव्हती तशी ती बातमीही नव्हती.)

पुढं बेळगावात स्टेशनजवळच्या एका शाखेत होतो. पूर्वी रेल्वेचा पगार रोख असायचा, पे क्लार्क पेटी घेऊन गाडीनं स्टेशना-स्टेशनावर फिरायचा. नंतर हळूहळू बँक खाती आली आणि मला रेल्वेवाल्यांची पासबुकं बघायला मिळाली. रनिंगवाल्याच्या खात्यात महिन्याला आकडा वरखाली, पण मोठा. आणि कर्जही मोठं. स्टेशनवाल्याच्या खात्यातून दर महिन्याला दुसऱ्या गावी मनीऑर्डर किंवा ड्राफ्ट, कारण संसार दोन ठिकाणी. कारखानावाल्याचं खातं सगळ्यात कंटाळवाणं, दहा तारखेला रिकरिंग, वीस तारखेला सोसायटी, आणि निवृत्तीला घर कर्जमुक्त. माझ्या मते आकड्यांपुरतं बोलायचं तर इंजिन पहिलं, पण संसारापुरतं बोलायचं तर हुबळी. हे मामांना मी कधी बोललो नाही.

मग गेज बदललं. पुणे-मिरज-कोल्हापूर १९७१ ला ब्रॉडगेज झालं, पण मिरजेच्या खाली लोंढ्यापर्यंत मीटर गेज राहिलं ते नव्वदच्या दशकापर्यंत. वीस-पंचवीस वर्षं बेळगावच्या माणसानं मिरजेला उतरून, ट्रंका डोक्यावर घेऊन गाडी बदलली. ब्रॉडगेज आलं तेव्हा प्रवाशांनी फटाके वाजवले. शेडमध्ये मात्र वेगळं वातावरण होतं. कोळशाच्या इंजिनाची फायरमनगिरी ही कला एका रात्रीत बिनकामाची झाली. जे तरुण होते ते डिझेल शिकले, पन्नाशीचे होते ते कुठंतरी मावून गेले. मामा तोवर निवृत्त होते. आतोबांच्या टोकनच्या गोळ्यांची जागाही पुढं नव्या सिग्नल यंत्रणेनं घेतली. कारखान्यात वाफेची जागा डिझेलनं, डब्यांनी घेतली, पण भोंगा तोच राहिला.

आता नावंही बदलली. ड्रायव्हर झाला लोको पायलट, गार्ड २०२२ पासून ट्रेन मॅनेजर. भरतीची परीक्षा मराठीत देता येते, कानडीतही. आणि बायका इंजिनवर आल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव, कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन नेली. आमच्याच पुणे-मिरज लाईनवरची मुलगी.

मामांची नात गेल्या वर्षी डिप्लोमा झाली. असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरू की ज्युनिअर इंजिनिअरचा, असं विचारायला माझ्याकडं आली होती. मी तिला पासबुकांची गोष्ट सांगितली, कॉल बॉयची सांगितली, हुबळीच्या दादाचा फोन नंबर दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आजोबा, पण चष्म्याचा नंबर किती चालतो?’ तपासून घे म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली. दोन्ही डोळे साफ निघाले. तिनं दोन्ही फॉर्म भरलेत.